सही कोणाची चालते? ॲक्च्युअरी होण्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी कारखान्यांतल्या ग्रॅच्युइटीच्या हिशोबाबद्दल लिहिलं होतं. कामगारांच्या यादीत १ जून ही जन्मतारीख किती वेळा येते, याचाही त्यात उल्लेख होता. शेवटी एवढंच म्हटलं होतं की ताळेबंदातला ग्रॅच्युइटीचा आकडा ॲक्च्युअरीकडून काढून घ्यावा. त्या शेवटच्या वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी बाकी सगळ्या लेखावर मिळून आली नाहीत. हा ॲक्च्युअरी म्हणजे नक्की कोण, कसं होता येतं, किती वर्षं लागतात, आणि घरातलाच हुशार मुलगा हे काम करून देत असेल तर बिघडलं कुठे, असं बहुतेकांनी विचारलं आहे. पुढे केव्हातरी द्यायच्या पैशांचा अंदाज बांधून त्यासाठी आज किती बाजूला ठेवायचे हे मोजणारा, तो ॲक्च्युअरी. मराठीत विमागणितज्ञ असा शब्द आहे. पण आमचं काम आता विम्यापुरतं राहिलेलं नाही आणि बोलताना सगळे ॲक्च्युअरीच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरते.

प्रश्न : इचलकरंजीजवळ माझा यंत्रभागांचा कारखाना आहे, प्रायव्हेट लिमिटेड. कामगार दोनशेच्या आसपास. आमचे सीए म्हणतात, ग्रॅच्युइटीसाठी ॲक्च्युअरीचा दाखला आणा. माझा भाचा हीच परीक्षा देतो आहे, त्याचे नऊ पेपर सुटले आहेत. तो म्हणतो, मामा, मी करून देतो. त्याची सही चालेल का?

नाही, चालणार नाही. पण नऊ पेपर सुटणं ही लहान गोष्ट नव्हे, तेव्हा नकार देताना त्याचं मन मोडू नका.

आधी तुमच्या सीएंचं म्हणणं बघू. लेखामानक १५ मध्ये ॲक्च्युअरी नेमलाच पाहिजे अशी सक्ती नाही, नेमावा असं म्हटलं आहे. मात्र दायित्व मोजण्याची पद्धत त्यात ठरवून दिलेली आहे. सरासरी पन्नासपेक्षा कमी माणसं असलेल्या लहान उद्योगांना त्या पद्धतीतून सूट मिळते. तुमच्याकडे दोनशे आहेत, तुम्हाला ती पाळावी लागणार. आणि ती पद्धत जाणकाराशिवाय झेपत नाही, म्हणून कोणताही शहाणा लेखापरीक्षक ॲक्च्युअरीचा अहवाल मागतोच.

झेपत नाही म्हणजे काय, ते सांगते. तुमच्याकडे एक फिटर आहे असं धरा. वय ४०, नोकरी १२ वर्षं, ग्रॅच्युइटीसाठी धरायचा पगार २६,००० रुपये. तो आज नोकरी सोडून गेला तर पगाराला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, पुन्हा १२ ने गुणायचं. झाले १,८०,००० रुपये. हे दहावीतला मुलगाही करील. ताळेबंदात जायचा आकडा मात्र हा नाही. तो ५८ व्या वर्षापर्यंत टिकेल का? टिकला तर तेव्हा त्याचा पगार किती असेल? मध्येच दगावला किंवा कायमचा अपंग झाला तर काय, कारण तेव्हा किमान पाच वर्षांच्या सेवेची अट लागत नाही. आणि पुढे द्यायच्या त्या रकमेची आजची किंमत, सरकारी रोख्यांवरचा व्याजदर धरून, किती? दोनशे माणसांसाठी दोनशे वेळा हा विचार करायचा. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. भत्ते एकूण मेहनतान्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग आता वेतनात धरावा लागतो, आणि ठरावीक मुदतीच्या कामगारालाही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क येतो. मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे ठेवलेल्या कारखान्यांचं दायित्व त्यामुळे वाढलं आहे. तुमची पगारपत्रकं एकदा त्या दृष्टीने तपासून घ्या.

आता सहीकडे येऊ. आपल्याकडे ॲक्च्युअरींची सोसायटी १९४४ पासून होती. तिला कायद्याचं बळ मिळालं २००६ च्या ॲक्च्युअरीज ॲक्टने. त्या कायद्याखाली इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया उभी राहिली, तिचं कार्यालय नवी मुंबईत सीवूड्सला आहे. व्यवसाय करायचा तर दोन गोष्टी एकाच माणसाकडे असाव्या लागतात. एक, संस्थेचं फेलो सदस्यत्व, म्हणजे सगळ्या परीक्षा पुऱ्या केल्यावर मिळणारा वरचा दर्जा. दुसरी, सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस, म्हणजे व्यवसायाचा परवाना. आम्ही त्याला सीओपी म्हणतो. फेलो असून सीओपी नसलेले कितीतरी जण आहेत. ते कंपनीत नोकरी करतात, उत्तम काम करतात, पण बाहेरच्या माणसाला ॲक्च्युअरी म्हणून अहवाल सही करून देऊ शकत नाहीत. सीओपीचं दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी वर्षभरात ठरावीक तास नवं शिक्षण घेतल्याची नोंद द्यावी लागते. म्हणून जो कोणी तुमच्याकडे येईल त्याला सदस्य क्रमांक विचारा, आणि सहीच्या तारखेला सीओपी चालू होतं का ते विचारा. संस्थेच्या संकेतस्थळावर सदस्यांची नावं पाहता येतात. यात संकोच करू नका. मला कोणी विचारलं की मला बरंच वाटतं.

भाच्याला हे काम जरूर करू द्या, पण एखाद्या सीओपीधारकाच्या हाताखाली. आम्ही सगळे असेच शिकलो. आकडे साफ करणं, जुन्या वर्षाशी ताळा घालणं, गेलेल्या माणसांची यादी वेगळी काढणं ही कामं विद्यार्थीच करतात आणि चांगली करतात.

मी सहीबद्दल एवढं का बोलते आहे, त्याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी एक वयस्क गृहस्थ माझ्या घरी आले. प्लास्टिकच्या पिशवीत झेरॉक्सचा गठ्ठा होता. त्यांचं वर्कशॉप बंद पडलं होतं, ६३ कामगार. ग्रॅच्युइटीची तरतूद दर वर्षी कागदावर होत होती, खाली कोणा सल्लागाराची सही आणि गोल शिक्का. मी पानं उलटत गेले. सात वर्षं ओळीने पगारवाढ शून्य टक्के धरली होती आणि दर वर्षी चारातला एक माणूस नोकरी सोडणार असं गृहीत धरलं होतं. ते गृहस्थ स्वतः तिथे एकतीस वर्षं होते, शेजारच्या लेथवरचा माणूस अठ्ठावीस वर्षं. शिक्क्यावर ॲक्च्युअरी हा शब्द नव्हता, तशाच कानाला वाटणारा दुसरा शब्द होता. सदस्य क्रमांक नव्हता. बाजूला ठेवलेले पैसे गरजेच्या निम्मेही नव्हते. त्या माणसांना आपले पैसे मिळायला दोन वर्षांवर लागली, आणि दोघे तोवर राहिले नाहीत. तो गठ्ठा मला आजही डोळ्यांसमोर दिसतो.

त्यामुळे तुम्हाला एक विनंती. ॲक्च्युअरी नेमलात की, देणं कमी दिसावं म्हणून नोकरी सोडण्याचं प्रमाण जरा जास्त धरा असं त्याला सांगू नका. गृहीतकांची जबाबदारी शेवटी कंपनीची असते हे खरं, पण ती हजेरीपटाशी जुळायला हवीत. मी स्वतः तीन वर्षांचा हजेरीपट मागते. एका कारखान्याने मला तीस टक्के सांगितलं होतं. प्रत्यक्षात २१४ पैकी तीन वर्षांत सहा जण गेले होते, त्यातले चार निवृत्त.

प्रश्न : मी नांदेडला बारावी सायन्सला आहे. गणित आवडतं, इंजिनिअरिंगला जायचं नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. ॲक्च्युअरी व्हायला कोणती डिग्री लागते? इंग्रजीमुळे अडेल का?

तुझं पत्र वाचून आनंद झाला, कारण मीही कराडच्या मराठी शाळेतली. तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला कोणी वेळेवर दिली नव्हती.

डिग्रीने ॲक्च्युअरी होता येत नाही, संस्थेच्या परीक्षांनीच होता येतं. दाराशी एक प्रवेशपरीक्षा आहे, एसीईटी. इंग्रजी विषय घेऊन बारावी झालेल्या किंवा बारावीला बसलेल्या कोणालाही ती देता येते. म्हणजे तू आत्ताही देऊ शकतेस. तीन तास, शंभर गुण, पर्यायी उत्तरांचे प्रश्न. गणित, संख्याशास्त्र, माहितीचा अर्थ लावणं, तर्क आणि इंग्रजी. ती पास झालीस की विद्यार्थी सदस्य होता येतं. मग खरी वाट सुरू होते.

२०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात तेरा पेपर आहेत. पहिले सात पायाचे: संख्याशास्त्राचे सीएस१ आणि सीएस२, वित्तीय गणिताचे सीएम१ आणि सीएम२, आणि व्यवसायाचे तीन, सीबी१ ते सीबी३. यांतल्या दुसऱ्या सीबीत अर्थशास्त्र येतं. मग तीन व्यवहाराचे: सीपी१ मध्ये ॲक्च्युअरीचा सगळा व्यवहार, सीपी२ मध्ये मॉडेल बांधणं आणि सीपी३ मध्ये ते साध्या माणसाला समजेल असं लिहून दाखवणं. त्यानंतर आयुर्विमा, आरोग्य, सर्वसाधारण विमा, निवृत्तिवेतन, गुंतवणूक अशा विषयांतून दोन निवडायचे. शेवटी एकाच विषयाचा सर्वांत वरचा पेपर, आणि तोच सगळ्यांत जास्त रडवतो. सीएस१ चा एक भाग संगणकावर आर या भाषेत सोडवावा लागतो, सीएम१ चा एक्सेलमध्ये. परीक्षा वर्षातून दोनदा होतात. पेपरांची नावं आणि रचना अधूनमधून बदलते, म्हणून नाव नोंदवशील त्या वर्षाची माहितीपुस्तिका संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवून घे आणि ती पहिल्या पानापासून वाच.

आता इंग्रजी. पहिल्या सात पेपरांत ते तुला अडवणार नाही, तिथे गणिताची भाषा आहे. अडेल ते सीपी१ पासून पुढे, जिथे तीन-तीन तास लिहायचं असतं. अजून त्याला चार-पाच वर्षं आहेत. रोज इंग्रजी अर्थविषयक वर्तमानपत्रातली एक बातमी घे, ती न बघता आपल्या शब्दांत पाच ओळींत लिही. एवढंच करत राहा, शब्दकोश पाठ करण्याच्या भानगडीत पडू नकोस.

आणि डिग्री सोडू नकोस. कायद्याने ती लागत नसली तरी नोकरी देणारा विचारतो. संख्याशास्त्रात बी.एस्सी. कर. मी कोल्हापूरला तेच केलं आणि सीएस१ सारख्या पेपरातलं निम्मं तिथेच कानावरून गेलं होतं. एक गोष्ट माझ्या अनुभवातून ठामपणे सांगते: आधी सगळे पेपर आटपते, मग नोकरी बघते, असं करू नकोस. तीन-चार पेपर झाले की नोकरी धर, मुंबई, पुणे, बंगळुरू, गुरुग्राम, जिथे मिळेल तिथे. फेलो होताना तीन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावाच लागतो. आणि सात-आठ पेपर झालेल्या पण एकही दिवस काम न केलेल्या मुलांना कंपन्या घ्यायला कचरतात, अशी किती मुलं माझ्याकडे येऊन बसली आहेत.

आईबाबांना हेही सांग की सरासरी विद्यार्थ्याला यात आठ-दहा वर्षं जातात. मधल्या काळात पगार मिळत असतो, पेपर सुटेल तसा वाढतोही, पण दर सहा महिन्यांनी घरात परीक्षा असते. कधी लग्नसराईतही येते. घरच्यांची तयारी लागते.

प्रश्न : मी डोंबिवलीला राहतो, वय ३४. विमा कंपनीत आहे. पहिले सातही पेपर झाले, पण सीपी१ मध्ये तीनदा गेलो. मुलगी दोन वर्षांची आहे. असोसिएटपर्यंत पोचून थांबावं का? त्याला काही किंमत आहे का?

असोसिएटला किंमत आहे. तो संस्थेचा फेलोच्या खालचा मान्य दर्जा आहे, नावामागे लावता येतो, पगारात दिसतो. प्रायसिंग, व्हॅल्युएशन, डेटा अशा विभागांत असोसिएट वरच्या जागांवर आहेत. पण सीओपी मिळत नाही, म्हणजे अहवालावर स्वतःची सही करण्याचा दिवस येत नाही. तो दिवस तुम्हाला हवा आहे का, हे आधी ठरवा. हवा नसेल तर असोसिएटला थांबणं म्हणजे हार नव्हे. पण तुमचं पत्र चार पानांचं आहे. ज्याला थांबायचं असतं तो चार पानं लिहीत नाही.

सीपी१ बद्दल एक गोष्ट सांगते. माझ्या वेळी नाव वेगळं होतं, पेपर साधारण हाच. मीही तीनदा गेले. पाठांतर जबरदस्त होतं. ठाण्याहून व्हीटीला जाताना लोकलमध्ये चिठ्ठ्या काढायची, प्रत्येक चिठ्ठीवर विम्याचा एक प्रकार आणि मागे त्याच्या जोखमी. दादर येईपर्यंत वीस चिठ्ठ्या व्हायच्या. तरी निकाल तोच. तिसऱ्या वेळी ऑफिसातल्या एका ज्येष्ठांनी माझं सरावाचं उत्तर मागून घेतलं. प्रश्न असा होता की एका लहान विमा कंपनीला खेड्यांत गटविमा विकायचा आहे, काय विचार कराल. मी दीड पान भरून लिहिलं होतं: मृत्युदराची जोखीम, खर्चाची जोखीम, गुंतवणुकीची जोखीम. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "हप्ता कोण गोळा करणार?" मी गप्प. "पिकाच्या पैशाच्या आधी मागायचा की नंतर? मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून किती दिवसांत मिळतो? वयाचा पुरावा काय घेणार?" यांतलं एकही माझ्या दीड पानात नव्हतं. मी कराडची, शेतकऱ्याच्या घरातली. हे सगळं मला माहीत होतं. पण परीक्षेच्या उत्तरात ते लिहायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून मी उत्तर लिहायला घेतलं की आधी पाच मिनिटं पेन खाली ठेवायची आणि त्या प्रश्नातल्या माणसांची यादी करायची: हप्ता भरणारा, विकणारा, क्लेम घेऊन येणारी बाई, शाखेतला कारकून, कंपनीचा मालक, नियामक. प्रत्येकाला काय हवं आहे आणि काय बिघडू शकतं. मुद्दे आपोआप सुटे पडतात, आणि या पेपरात गुण सुट्या मुद्द्यांनाच असतात. संस्था जुन्या परीक्षांची सूचक उत्तरं प्रसिद्ध करते. ती वाचू नका, आधी स्वतः वेळ लावून लिहा, मग त्यांच्याशी ताडून आपला कोणता माणूस सुटला ते बघा.

मुलगी दोन वर्षांची आहे, म्हणजे रात्री अभ्यास होणार नाही. पहाटे पाच ते सात, आठवड्यातले पाच दिवस, एवढं पुरतं. घरी बायकोशी बोलून शनिवारची एक सकाळ मोकळी मागून घ्या आणि त्या बदल्यात रविवार पूर्ण त्यांना द्या. माझ्या नवऱ्याने चार वर्षं माझ्यासाठी हे केलं. फेलोशिपच्या सेमिनारला मी गेले तेव्हा मुलाला घेऊन तो बाहेर बाकावर बसला होता.

प्रश्न : माझी मुलगी लंडनला नोकरी करते आणि तिथल्या संस्थेची फेलो होत आली आहे. पुढे मडगावला परत येऊन इथे व्यवसाय करायची तिची इच्छा आहे. पुन्हा परीक्षा द्याव्या लागतील?

ब्रिटनमधली फेलोशिप ही मोठी कमाई आहे, तिचं अभिनंदन. पण भारतात व्यवसाय करायचा तर भारतीय संस्थेचं फेलो सदस्यत्व आणि सीओपी लागतंच, दुसऱ्या देशाची पदवी त्या जागी चालत नाही. बाहेरच्या फेलोला इथे कोणत्या अटींवर प्रवेश द्यायचा, कोणते पेपर माफ करायचे, हे भारतीय संस्था ठरवते आणि त्या अटी बदलत असतात. म्हणून कोणाच्या सांगण्यावर न जाता तिने संस्थेला पत्र पाठवून लेखी उत्तर घ्यावं. तिकडे अभ्यास असतानाच भारतीय कायदे, इथली करव्यवस्था आणि इथले मृत्युदराचे तक्ते वाचायला लागावं. गणित दोन्हीकडे एकच असतं, बाकीचं मात्र नव्याने शिकावं लागतं.

प्रश्न : मी साताऱ्याचा निवृत्त शिक्षक. माझ्या आयुर्विमा पॉलिसीवर दर वर्षी बोनसचं पत्र येतं. हा बोनस कोण ठरवतं? त्या माणसाने चुकीचं काही केलं तर त्याला विचारणारं कोणी आहे का?

गुरुजी, प्रत्येक विमा कंपनीत एक नियुक्त ॲक्च्युअरी असतो, इंग्रजीत अपॉइंटेड ॲक्च्युअरी. दर वर्षी ३१ मार्चला कंपनीने दिलेली सगळी वचनं पुढे पुरी करायला आज किती पैसे बाजूला हवेत, हे तो मोजतो. ते बाजूला काढून जो वाढावा उरतो त्यातून नफ्यात सहभाग असलेल्या पॉलिसींना किती बोनस द्यावा याची शिफारस तो करतो आणि संचालक मंडळ जाहीर करतं. अशा पॉलिसींच्या निधीतल्या वाढाव्याचा किमान नव्वद टक्के भाग पॉलिसीधारकांकडे जावा लागतो, भागधारकांना दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

हे मोजताना मृत्यूचा तक्ता लागतो. सध्या आयुर्विम्यासाठी २०१२-१४ च्या अनुभवावरून केलेला भारतीय तक्ता वापरात आहे, १ एप्रिल २०१९ पासून. त्यात तिशीच्या हजार विमाधारकांमागे वर्षभरात साधारण एक मृत्यू धरला आहे, साठीच्या हजारांमागे साधारण अकरा. फार पूर्वी, स्वातंत्र्याच्या आधी, मुंबईच्या ओरिएंटल कंपनीच्या १९२५ ते ३५ च्या अनुभवावरून असा एक तक्ता केला होता आणि तो पुढे कितीतरी वर्षं वापरला गेला. मी तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा बराच वेळ नुसती बघत बसले होते. प्रत्येक दशांशामागे मुंबई इलाख्यातली, मद्रासेतली, बंगालमधली खरी माणसं होती, त्यांची कुटुंबं होती.

नियुक्त ॲक्च्युअरीसाठी नुसतं फेलो असणं पुरत नाही. चालू सीओपी हवं, त्या प्रकारच्या विम्यातला ठरावीक वर्षांचा अनुभव हवा, आणि विमा नियामकाने घातलेल्या बाकीच्या अटी पुऱ्या व्हायला हव्यात. २०२४ मध्ये नियामकाने याचे नियम नव्याने काढले. कंपनी चुकीच्या वाटेने जाते आहे असं दिसलं तर ते संचालक मंडळाला सांगणं, आणि तरी सुधारलं नाही तर नियामकाला कळवणं, हे त्याचं कर्तव्य आहे. ज्या कंपनीचा पगार खातो तिच्याविरुद्ध लिहायचं म्हणजे सोपं नाही. पण या जागेवर बसणाऱ्याने ते मनाशी ठरवूनच बसायला हवं, असं माझं मत आहे.

विचारणारं कोणी आहे का, हेही सांगते. आहे. २००६ च्या कायद्यात शिस्तपालन समिती आहे. कोणाही नागरिकाला ॲक्च्युअरीविरुद्ध तक्रार करता येते. ताकीद, दंड, आणि सदस्यांच्या नोंदवहीतून नाव काढून टाकणं इथपर्यंत शिक्षा होते. आणि सदस्य नसताना सदस्य असल्याचा आव आणणाऱ्यावर खटला भरता येतो.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात फाउंड्रीत मोल्डर आहे. दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९६९ आहे. आई सांगायची, तुझा जन्म दिवाळीनंतरचा. मी १२ ऑगस्ट १९९८ ला कामाला लागलो. या तारखेमुळे माझी ग्रॅच्युइटी कमी होईल का?

दादा, तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. गेल्या लेखातल्या कारखान्यात २१४ पैकी ६१ जणांची तारीख १ जून होती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी शाळा सुरू व्हायच्या हिशोबाने ती लिहिली आणि ती जन्मभर चिकटली. मला अहवाल करताना ती विचारात घ्यावी लागते, कारण एकाच दिवशी बरीच माणसं निवृत्त होताना दिसतात आणि कारखान्याला त्या वर्षी एकदम मोठी रक्कम काढावी लागते. म्हणून मी मालकांना ते वर्ष आधीच दाखवून ठेवते.

तुमच्या हिशोबात ती तारीख फक्त निवृत्तीचा दिवस ठरवते. ग्रॅच्युइटीची वर्षं मोजतात ती कामाला लागल्याच्या तारखेपासून. निवृत्तीचं वय ५८ असेल तर तुम्ही ३१ मे २०२७ ला मोकळे व्हाल. तोवर सेवा होते २८ वर्षं आणि नऊ महिन्यांहून जास्त. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची २९ वर्षं. पत्रात तुम्ही लिहिलेला पगार, मूळ आणि महागाई भत्ता मिळून, ३१,२०० रुपये आहे. त्याला २६ ने भागा, १,२०० आले. १५ ने गुणा, १८,०००. गुणिले २९, म्हणजे ५,२२,००० रुपये. तोवर पगार वाढला तर रक्कमही वाढेल. कमाल मर्यादा २० लाख आहे, तिच्या तुम्ही आत आहात. आणि रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत ती तुमच्या हातात पडली पाहिजे, उशीर झाला तर व्याज लागतं.

एकच काळजी घ्या. कामावर लागल्याचं नियुक्तीपत्र नसेल तर पहिल्या वर्षाची पगारपावती किंवा भविष्यनिर्वाह निधीची जुनी स्लिप शोधून ठेवा. आणि कारखान्याच्या रजिस्टरमध्ये तुमची रुजू तारीख १२ ऑगस्ट १९९८ अशीच आहे का, हे याच महिन्यात ऑफिसात जाऊन बघून या. कंत्राटदाराकडची पहिली काही वर्षं वगळून तारीख पुढची लिहिलेली मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. तसं काही निघालं तर मला पुन्हा लिहा, सोबत त्या पानाचा फोटो पाठवा.